आजोबांचा परागंदा भाऊ कसा शोधावा

चुलत आजोबांचा शोध घ्यायला निघालेला माणूस पहिली चूक करतो ती त्यांच्याच नावाचा कागद शोधण्याची. असा कागद बहुधा नसतो. ज्यांना मुलंबाळं झाली नाहीत, जे तरुणपणीच मुंबईला किंवा पलटणीत गेले, जे दत्तक गेले किंवा घरातून निघून गेले, त्यांची कागदपत्रं जपून ठेवणारं मागे कोणी उरलेलं नसतं. ते सापडतात दुसऱ्यांच्या कागदांत: वडिलांच्या वारस नोंदीत, भावाच्या फेरफारात (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत), बहिणीच्या लग्नातल्या आहेराच्या यादीत, पुतण्याच्या शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून. म्हणून शोध एका माणसाचा असला तरी तपासायची असतात सगळ्या भावंडांची कागदपत्रं. हे एकदा मनाशी पक्कं केलं की अर्धी दमछाक वाचते.

पुढची पद्धत साधारण १८९० ते १९३० या काळात जन्मलेल्या माणसाला धरून लिहिली आहे. घर हातावरच्या पोटाचं असो की वतनदाराचं, पायऱ्यांचा क्रम तोच राहतो.

आधी घरातलं सगळं बाहेर काढा

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा: वर्ष, काय घडलं, कोणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात आहे, खात्री किती. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘अंदाज’ यांपैकी एकच शब्द लिहायचा. सहा महिन्यांनी ऐकलेली गोष्ट कुठली आणि कागदावर वाचलेली कुठली हे आठवत नाही, आणि मग अंदाजाचीच वंशावळ तयार होते.

घरातली ट्रंक, माळा, देवघराखालचा खण, पोथ्यांची बासनं आणि भिंतीवरच्या तसबिरींची पाठ, सगळं तपासा. जुन्या तसबिरीमागच्या पुठ्ठ्याखाली पत्रं, पावत्या आणि दुसरे फोटो सर्रास सापडतात. पोथीच्या पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या तिथी लिहून ठेवायची चाल होती. जन्मटिपण सापडलं तर त्यात शके, संवत्सराचं नाव, महिना, तिथी आणि वार असे पाचही तपशील असतात. ते एकमेकांशी जुळतात का हे पंचांगावरून पाहता येतं, त्यामुळे वयाच्या बाबतीत याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही.

आहेराची वही फेकू नका. ‘सव्वा रुपया आणि खण’ एवढीच नोंद असली तरी देणाऱ्याचं नाव आणि गाव त्यात असतं. एका लग्नाच्या यादीत चुलत आजोबा आहेत आणि चार वर्षांनी दुसऱ्या भावाच्या लग्नात नाहीत, तर ते त्या चार वर्षांत गेले, दुरावले किंवा दूर होते, एवढं तरी कळतं.

मग टपाल. मुंबईहून घरी पैसे पाठवणाऱ्याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे मनिऑर्डरचं कूपन. पोस्टमन पैसे देताना फॉर्मचा खालचा भाग फाडून घरच्यांकडे देई. त्यावर रक्कम, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दोन ओळींचा निरोप असे. अशी कूपनं खिळ्याला टोचून ठेवत, म्हणून मधोमध भोक असलेला चिठोऱ्यांचा गठ्ठा दिसला तर तो आधी बघा. रक्कम दर महिन्याला सारखी असेल तर नोकरी पगारी, कमीजास्त असेल तर बहुधा बदली कामगाराचं (गैरहजर माणसाच्या जागी) किंवा रोजंदारीचं काम. आणि शेवटच्या कूपनाची तारीख ही शोधातली एक मोठी खूण.

तारीख पुसट असेल तर पत्रावरून काळ बांधता येतो. पाव आण्याचं पोस्टकार्ड १९२२ पूर्वीचं. त्या वर्षी ते अर्धा आणा झालं. तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर पत्र १ एप्रिल १९५७ नंतरचं आणि १९६४ च्या आसपासपर्यंतचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असू शकत नाही. त्यापूर्वी नुसतं ‘मुंबई १२’ असं लिहीत, आणि तेच शेवटचे दोन आकडे आजच्या ४०००१२ मध्ये, म्हणजे परळच्या पिनकोडात आहेत. तेवढ्यावरून माणूस कुठल्या भागात राहत होता हे कळतं. पत्त्याच्या जागी ‘एफ.पी.ओ.’ आणि आकडा असेल तर तो माणूस त्या वेळी फौजेत होता. फील्ड पोस्ट ऑफिसचा तो क्रमांक जपून उतरवा.

फोटो आणि कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, फोटो ६०० डीपीआयवर. पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का चेहऱ्याइतकाच कामाचा असतो. अल्बमच्या काळ्या कागदावर चिकटलेला फोटो ओढून काढू नका, त्याची पाठ तिथेच राहते. जुना कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उतरते आणि ते प्लास्टिक परत कधीच निघत नाही. नावं लिहायची तर मागच्या कडेला, मऊ शिसपेन्सिलीने.

नावाचा गुंता

घरात ज्यांना सगळे बापू, तात्या, अण्णा किंवा आबा म्हणतात त्यांचं कागदावरचं नाव आधी पक्कं करा. पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं आणि शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी लिहिलेलं तिसरं असं अनेकदा होतं. आडनावही स्थिर नसतं. गावात कुळाचं आडनाव आणि मुंबईत गावावरून ‘-कर’ लावलेलं, असे दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या कागदांत सापडतात.

नवखे हमखास फसतात ते नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या पद्धतीमुळे. धोंडीचा मुलगा गणू, गणूच्या मुलाचं नाव पुन्हा धोंडी, त्याचा मुलगा पुन्हा गणू. त्यामुळे ‘गणू धोंडी’ हे नाव आणि तेच आडनाव पन्नास वर्षांच्या अंतराने दोनदा येतं, आणि दोघांच्या आयुष्यातले प्रसंग एकाच माणसाला चिकटवले जातात. अशा दोन नोंदी जुळवण्यापूर्वी आईचं किंवा बायकोचं नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर आणि वय यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं नाव जुळणं हा पुरावा नव्हे.

दत्तक गेलेल्या मुलाचं वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. जन्मघरच्या कागदांतून एखादा भाऊ दहाबारा वर्षांचा असताना एकदम नाहीसा झाला आणि मृत्यूची नोंद कुठेच नाही, तर आधी दत्तकाचा संशय घ्यावा. आजोळी, किंवा निपुत्रिक चुलत्याकडे.

माणसांकडे जाताना

कागद पन्नास वर्षं आणखी टिकतील, नव्वदीतली माणसं थांबणार नाहीत. म्हणून सरकारी कचेरीच्या आधी माणसं.

सर्वांत आधी बायकांकडे जा, त्यातही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींच्या घरी. गावात राहिलेल्या लोकांच्या आठवणी एकमेकांशी बोलून बोलून सारख्या झालेल्या असतात. सासरी गेलेल्या बहिणीने माहेरचं जे चित्र मनात नेलं ते तसंच राहतं, आणि ते तिने लेकीला, सुनेला सांगितलेलं असतं. बहीण हयात नसली तरी तिची लेक सापडते. दुसरा हमखास साक्षीदार म्हणजे गावात पत्रं वाचून दाखवणारा. ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हतं तिथे पत्र मास्तर, पोस्टमन किंवा शेजारचा शिकलेला पोरगा वाचत असे. त्या पोराला आज ऐंशी-नव्वद वर्षं झाली असतील, पण पत्रातला मजकूर त्याच्या लक्षात असतो.

एक गोष्ट आधीच सांभाळा. आजोबांच्या भावाची चौकशी म्हटलं की भाऊबंदांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा: हा हिस्सा मागायला तर आला नाही? त्यांच्या जागी राहून पाहिलं तर ही शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या भेटीत सातबारा बाहेर काढू नका आणि त्यांच्या कागदांचे फोटो मागू नका. दोन्हीकडे ऊठबस असलेल्या वडीलधाऱ्याला सोबत घ्या. काय हवं आहे आणि काय नको हे बसल्याबसल्या स्पष्ट सांगा. जाताना घरातल्या फोटोची एक प्रत त्यांना देण्यासाठी न्या. मागणाऱ्याआधी देणारा म्हणून गेलात तर बोलणं निराळं होतं.

भेट तास-दीड तासाची ठेवा. त्यानंतर म्हातारं माणूस थकतं आणि मग तुम्हाला हवं ते उत्तर देऊ लागतं. फोन फ्लाइट मोडवर टाकून हातभर अंतरावर ठेवा, रेकॉर्ड करतोय हे सांगून. दुसरी भेट पंधरा दिवसांनी घ्याच. पहिल्या भेटीने जागं झालेलं बरंच काही त्या पंधरा दिवसांत वर येतं.

‘कोणत्या साली गेले?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याऐवजी विचारा: तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? कडेवर कोण होतं? घरावर कौलं होती की गवत? आणि गावाला आठवणाऱ्या घटनांशी सांगड घाला. पहिला प्लेग १८९६-९७ चा. मानमोडीची साथ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. सातारा-सांगलीकडे पत्री सरकार १९४२ नंतरची तीन-चार वर्षं. गांधीहत्येनंतरची जाळपोळ १९४८ ची. मराठवाड्यात पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८. पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२ चा. ‘भूकंपाच्या आधी, पण पानशेत झाल्यावर’ एवढं उत्तर मिळालं तरी सहा वर्षांचा पट्टा हातात येतो.

आणखी तीन प्रश्न प्रत्येकाला विचारा. कोणाच्या ओळखीने गेले? (गावाकडून मुंबईला एकटा कोणी जात नसे. आधी गेलेल्या कुणीतरी नेलेलं असे, आणि त्या घरात दुसरी बाजू कळते.) शेवटचं कोणी पाहिलं? आणि त्यांच्या नावाने श्राद्धाचं पान ठेवतात का, कोणत्या तिथीला?

श्राद्धाची तिथी

हा तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि तोच कागदाशिवायचा सर्वांत नेमका दुवा आहे. वार्षिक श्राद्ध होत असेल तर महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही कळतात. वर्षाचा अंदाज असला की त्या वर्षीच्या जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते. फक्त पितृपक्षात पान ठेवत असतील तर नुसती तिथी कळते, महिना नाही. सर्वपित्री अमावास्येला ठेवत असतील तर बहुधा घरच्यांना मृत्यूची तिथी माहीत नव्हती, म्हणजे माणूस दूर गेला. (अमावास्येलाच किंवा पौर्णिमेला गेलेल्यांचंही त्या दिवशी करतात, तेवढं ध्यानात ठेवा.) चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला ठेवत असतील तर मृत्यू शस्त्राने किंवा अपघाताने झाला असावा. द्वादशीला असेल आणि घरात ‘ते बैरागी झाले’ अशी कुजबुज असेल तर दोन्ही एकत्र धरा. यतींचं श्राद्ध द्वादशीला करतात.

एक खाचखळगा: घराण्याची शाखा इंदूर, ग्वाल्हेर किंवा काशीला असेल आणि तिथल्या पंचांगाने तिथी सांगितली असेल, तर वद्य पक्षात महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकने पुढे असतं. आपला भाद्रपद वद्य तो त्यांचा आश्विन कृष्ण. हे न पाहिल्यास तारीख सरळ महिनाभर चुकते.

तहसील, शाळा, तलाठी

आता कचेऱ्या. इथे जाताना गावाचं नाव, त्या काळचा तालुका आणि जिल्हा, आणि पाच-पाच वर्षांचा पट्टा लिहून न्या. ‘जुनं काहीही द्या’ म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. जिल्हे बदलले आहेत हे विसरू नका. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना तेव्हापर्यंत औरंगाबादमध्ये, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. सांगली जिल्हा आधी दक्षिण सातारा होता, जळगाव आणि धुळे म्हणजे पूर्व आणि पश्चिम खानदेश. धरणात गाव गेलं असेल तर जुन्या आणि नव्या गावठाणाची नावं दोन्ही लिहा.

*गाव नमुना नं. १४*, म्हणजे कोतवाल बुक. यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, आणि जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. वडिलांचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच. म्हणून चुलत आजोबांचं नाव शोधत बसू नका, पणजोबांच्या नावावर झालेले सगळे जन्म क्रमाने उतरवून काढा. मग भावंडांच्या क्रमात आपला माणूस कुठे बसतो ते पाहा. अशा यादीत घरात कोणालाच माहीत नसलेली, लहानपणी गेलेली भावंडंही सापडतात. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय आणि ताप, पटकी, देवी, हगवण असं कारण असतं. वय दहा वर्षांनीही चुकलेलं असू शकतं, ते प्रमाण धरू नका.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने जुनी जन्ममृत्यू बुकं, शाळेची रजिस्टरं आणि महसुली कागद मोठ्या प्रमाणावर तपासले आणि स्कॅन केले. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ते गावनिहाय ठेवलेले आहेत. जात कुठलीही असो, एखाद्या स्कॅन केलेल्या पानावर शेजारच्या ओळीत तुमचं घर असू शकतं. तहसीलची फेरी मारण्याआधी हे बघून घ्या.

*शाळेचं जनरल रजिस्टर.* इथे दाखल्यापेक्षा प्रवेश-निर्गम उतारा मागा, कारण त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण येतं. ‘मुंबईस गेला’, ‘सतत गैरहजर’, ‘गरिबी’ अशा दोन शब्दांत एका आयुष्याचं वळण लिहिलेलं असतं. जन्मतारीख मात्र मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. एकाच वर्षी दाखल झालेल्या मुलांच्या ओळीने सारख्याच जन्मतारखा दिसल्या तर समजून जा. ‘फायनल पास’ असा शेरा म्हणजे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल; त्यावर त्या काळी प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे, तेव्हा तो धागाही धरून ठेवा.

*फेरफार.* सातबारा आज कोणाच्या नावावर आहे यात आपल्याला रस नाही. आपल्याला हवा आहे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६क, म्हणजे वारस नोंदवही. सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात फेरफारांचे आकडे असतात. ते धरून एकेक नोंद मागे काढत जायची. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद बहुतेक वेळा मिळते. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने फेरफार शुल्क भरून उतरवता येतात. तिथे नसेल तर तहसीलमध्ये नक्कल अर्ज.

नोंद साधारण अशी असते: ‘धोंडी बिन गणू मयत. वारस मुलगे: कृष्णा वय ३०, रामू वय २२ परागंदा, विठू वय १४ अ.पा.क. भाऊ कृष्णा. कृष्णा याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.’ या दोन ओळी नीट वाचा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा; मराठवाडा-विदर्भात तिथे ‘वल्द’ येतं, आणि बायकोसाठी ‘कोम’ किंवा ‘जौजे’. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तेव्हा विठू त्या वेळी सज्ञान नव्हता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: जमीन सगळ्या भावांची, पण नाव एकट्या थोरल्याचं. त्यामुळे पुढच्या साऱ्या सातबाऱ्यांवर रामू आणि विठू दिसणार नाहीत, आणि ते मेले किंवा त्यांना हिस्सा मिळाला नाही असा अर्थ काढणं चूक. ‘परागंदा’ हा शब्द दिसला की थांबा. नोंदीच्या वेळी घरच्यांना तो जिवंत आहे असं वाटत होतं, पण पत्ता माहीत नव्हता, एवढं त्यात आहे. ‘नावल्द’ असेल तर निपुत्रिक.

नोंदीवर तीन तारखा असू शकतात: मृत्यूची, वर्दी (तलाठ्याला खबर) दिल्याची आणि नोंद मंजूर झाल्याची. वर्दी कित्येकदा कर्ज काढायची किंवा वाटप करायची वेळ आली तेव्हाच, दहावीस वर्षांनी दिलेली असते. फेरफाराचं साल हे मृत्यूचं साल समजणं ही वंशावळींतली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींचीही नावं येतात, सासरच्या आडनावाने आणि गावासकट. ज्या बहिणींचा पत्ताच नव्हता त्यांचं घर इथे सापडतं. त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) वरून तेही निघतं.

जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळत नसेल तर घाबरू नका. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरण योजनेत आकडे बदलले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात योजनेच्या पत्रकावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळतात.

कचेरी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्जात ‘माहिती द्या’ यापेक्षा ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९१५ ते १९२०, पाहणीची परवानगी आणि प्रती’ असं नेमकं लिहा.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनात (निजामाच्या महसुली कालगणनेत) आहेत. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतं, शकात ७८ (जानेवारीनंतर ७९). तिथे १९५४ च्या आसपासचं खासरा पाहणी पत्रक (कोणती जमीन कोणाकडे याची नोंद) हा भक्कम पाया धरावा. बाकी ठिकाणी जुनं लेखन मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे आडनाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे जाणकारालाच कळतं. पाच-सहा आठवड्यांच्या वर्गात अक्षरओळख होते. आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत कसं दिसतं एवढं ओळखता आलं तरी दीडशे पानांतून कामाची चार पानं वेगळी काढता येतात. पूर्ण वाचन मात्र मोडी वाचकाकडून करून घ्या.

गावाबाहेरची पावलं

‘पलटणीत होते’ असं म्हणत असतील तर पलटणीचा आकडा विचारा. १९२२ पूर्वी मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे आकडे होते, आणि ‘एकशे दहा पलटण’ हा शब्दप्रयोग आठवणीत टिकतो. घरात पदक असेल तर त्याची दर्शनी बाजू सोडा, कड बघा. भिंगाखाली कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. राख-चिंचेने घासू नका, आधी झिजतात ती हीच अक्षरं.

युद्धात मरण आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. नाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. जाधव हे जाधाओ, जादव, जाधो कसंही लिहिलेलं असतं. आडनाव सोडून पलटण आणि मृत्यूचं वर्ष घालून यादी काढा, मग ‘अधिक माहिती’त वडिलांचं नाव आणि गाव पाहा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्यांचा एक वेगळा प्रश्न आहे. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसते आकडे कोरले. नावं नोंदवहीत आहेत. दगडावर नाव नाही म्हणून शोध सोडू नका. गावात चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत ‘या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांतले इतके परतले नाहीत’ अशी पाटी असेल तर तो आकडा आणि गावाची आठवण ताडून बघा.

कोकणातले लोक जहाजावरही जात. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या हिंदी खलाशांची नावंही त्याच कमिशनच्या मुंबईच्या स्मारकांच्या यादीत आहेत.

गिरणीचा धागा पकडायला मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची वही शोधा. एकेका गावच्या मंडळाच्या वर्गणीच्या, देवळाच्या आणि मयताच्या मदतीच्या वह्या पन्नास-साठ वर्षं मागच्या मिळतात, आणि त्यांत खोली कुठली, गिरणी कुठली हेही असतं. चाळीचं नाव आणि वर्ष हाती आलं की महापालिकेच्या त्या विभागाच्या मृत्यू नोंदीत शोध मागता येतो. नुसतं ‘मुंबईत वारले’ यावर कोणी शोधून देणार नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे, येतात का ते विचारा. घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत असते आणि वर्षा-दोन वर्षांनी ते येऊन ती पुढे लिहितात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. मूळ गाव, आडनाव आणि जात सांगितली की तिथले लोक तुम्हाला योग्य घरी पाठवतात. ही नोंद मोलाची यासाठी की आलेला माणूस स्वतः सगळ्या भावांची आणि मुलांची नावं सांगतो, काही वेळा सहीही करतो. परागंदा झालेला माणूस घरी कधी आला नाही, पण अस्थी सोडायला नाशिकला येऊन गेला, असंही तिथे उघड होऊ शकतं. पान बघून झाल्यावर आपल्या पिढीची नावं त्याखाली लिहून या आणि दक्षिणा द्या.

छापील कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक) असेल तर आधाराला घ्या, शेवटचा शब्द म्हणून नको. ज्या शाखेने पत्राला उत्तर दिलं नाही तिच्यापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलेलं असतं, आणि कधी कधी माणूसच गाळलेला असतो.

दोन गोष्टी जुळत नाहीत तेव्हा

आत्या म्हणते ते लढाईत गेले, फेरफार म्हणतो परागंदा, आणि मनिऑर्डरचं शेवटचं कूपन परळचं. यातलं एक निवडून बाकीची खोडू नका. घटनेच्या जवळच्या काळात, ज्याला खोटं सांगून काही फायदा नव्हता अशा माणसाने लिहिलेला कागद वर ठेवा. वारसाच्या वर्दीत फायदा-तोटा असतो, मनिऑर्डरच्या कूपनात नसतो. आणि आत्याचं वाक्य टाकाऊ ठरवू नका. घरच्यांनी गावाला काय सांगायचं ठरवलं होतं, ते त्या वाक्यातून कळतं.

तुरुंगवास, दुसरं घर, आत्महत्या, जातीबाहेरचं लग्न: अशी माहिती हाती आली की हयात असलेल्या जवळच्या माणसाला आधी एकट्याला सांगा, मग बाकीच्यांना. त्यांचं ‘नको’ असेल तर सगळ्यांना वाटायच्या प्रतीतून ते वगळा, मूळ वहीत राहू द्या.

शेवटी तीन-चार पानांचं टिपण तयार करा. वर्षवार, प्रत्येक वाक्यापुढे कंसात आधार, आणि जी वर्षं रिकामी आहेत ती रिकामीच दाखवा. कागदांच्या प्रती काढून किमान तीन घरांत ठेवा. त्यांतलं एक घर बहिणीच्या बाजूचं असावं. येत्या पितृपक्षात भाऊबंद एकत्र जमतील तेव्हा ते टिपण मोठ्याने वाचा आणि हातात पेन्सिल ठेवा.